पाणीहक्कांचा नकाशा केला, पण पाणी सापडेना

नकाशेखोर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता एका ठिकाणी अडकलोय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी जीआयएसमधे काम करतो, म्हणजे दिवसभर नकाशावर ठिपके नि रेघा. गेले दोनेक महिने फावल्या वेळात एक उद्योग चालू केलाय. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांचा पाणीहक्कांचा डेटा उचलायचा, नकाशावर टाकायचा आणि कुठला भाग किती पाणी वापरतो ते बघायचं. डेटा फुकट मिळतो. वेस्टर्न स्टेट्स वॉटर कौन्सिल म्हणून १९६५ पासूनची संस्था आहे, तिने प्रत्येक राज्याच्या वेगवेगळ्या साच्यातल्या नोंदी एका साच्यात बसवायचा प्रकल्प चालवलाय. त्याचं पूर्ण नाव वॉटर डेटा एक्स्चेंज, लघुरूप 'वेड'. (नाव अगदी योग्य आहे, वेड लागल्याशिवाय हे काम कोणी अंगावर घेणार नाही.) त्याच्यावरच वेस्टडॅट नावाचं नकाशाचं टूल पण आहे, नुसतं बघायचं असेल तर ते उघडा.

एकेका हक्काची एक ओळ असते. कोणाच्या नावावर, कुठल्या तारखेपासून, कशासाठी, किती (क्युसेकमधे किंवा एकर-फुटात) आणि पाणी नदीतून नेमकं कुठे उचलतात ती जागा. मी साधा विचार केला, जेवढा मोठा हक्क तेवढा मोठा गोल. झाला नकाशा. दिसायला झकास, भिंतीवर लावावा असा.

आणि मग घोळ लक्षात आले. एक, सगळ्यात मोठे गोल ऐन डोंगरात, जिथे ना शेत ना गाव. दोन, एका खोऱ्यातल्या सगळ्या हक्कांची बेरीज केली तर ती त्या नदीच्या वर्षभराच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. दोनदा केली, तिसऱ्यांदा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे केली, तेच. आता माझा हिशोब चुकतोय, डेटा चुकलाय का नदी खोटं बोलतेय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाटकरी

हिशोब बरोबर, डेटाही बरोबर. प्रश्न चुकलाय.

डोंगरातले गोल आधी बघ. 'वापर' या रकान्यात काय लिहिलंय? माझी पैज आहे की वीजनिर्मिती असणार. जलविद्युत केंद्र नदीतून पाणी उचलतं, टर्बाइनवरून सोडतं आणि थोडं खाली जाऊन परत नदीत घालतं. हक्क हजारो क्युसेकचा, पण पाणी खपलं किती? जवळजवळ काहीच नाही. आणि एकाच नदीवर एकाखाली एक चार केंद्रं असतील तर तेच पाणी तुझ्या बेरजेत चार वेळा आलं.

शेतीचंही तसंच आहे, फक्त कमी प्रमाणात. समजा वरच्या शेतकऱ्याने चारीत १०० भाग पाणी घेतलं, पिकाने त्यातलं ५० प्यायलं, उरलेलं पाझरून, वाहून नदीला परत मिळालं. ते परतलेलं पाणी खालचा उचलतो, त्याचं परतलेलं आणखी खालचा. उचलीची बेरीज केलीस तर ती नदीपेक्षा मोठी येणारच. उचल वेगळी आणि खप वेगळा, नोकरीत ३१ वर्षं हेच समजावण्यात गेली माझी. त्यातही 'पाझरलं म्हणजे वाया गेलं' म्हणणारे भेटले की जास्तच.

आणि हक्क म्हणजे तर उचल पण नाही. हक्क म्हणजे जास्तीत जास्त किती उचलू शकतोस त्याची परवानगी. दार पूर्ण उघडलं तर किती जाईल, एवढंच ते सांगतं. दार उघडलं का, ते नाही सांगत.

नकाशेखोर

काका, साष्टांग. रकाना बघितला. पहिल्या दहा गोलांतले आठ वीज. एकावर नुसतं 'इतर' लिहिलंय. आणि एक सिंचन आहे पण जागा डोंगरातच दाखवतोय, आजूबाजूला नुसती पाइनची झाडं. तो काय प्रकार?

सई_क

'सिंचन पण डोंगरात' म्हणजे बहुतेक बोगदा. कोलोराडो राज्यात पाऊसपाणी, बर्फ सगळं मुख्यतः पर्वताच्या पश्चिम बाजूला आणि माणसं पूर्व बाजूला. म्हणून पर्वताच्या पोटातून पाणी इकडे आणलंय. कोलोराडो-बिग थॉम्पसन प्रकल्पाचा अ‍ॅडम्स बोगदा साधारण २१ किलोमीटरचा आहे, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या खालून जातो, १९४७ मधे त्यातून पहिल्यांदा पाणी आलं. असल्या हक्कात पाणी उचलायची जागा एका खोऱ्यात आणि वापरायची जागा दुसऱ्या खोऱ्यात. तू फक्त उचलायची जागा घेतलीस म्हणून वापर झाडांच्या नावावर गेला. वापराच्या जागेचे पॉलिगॉन (म्हणजे हद्दीचे आकार) बऱ्याच राज्यांत वेगळे मिळतात, सगळ्यांत नाही.

आता मूळ मुद्दा, बेरीज नदीपेक्षा मोठी का. काकांनी पाण्याच्या बाजूने सांगितलं, मी कायद्याच्या बाजूने सांगते, मला या विषयाचं थोडं वेड आहे (तुमचं ते लघुरूपातलं नाही).

पश्चिमेकडे नियम आहे 'जो आधी आला त्याचा हक्क आधी'. सुरुवात सोन्याच्या खाणींपासून. कॅलिफोर्नियात खाणवाले सरकारी जमिनीवर दगडमाती धुवायला पाणी वळवून न्यायचे, जमीन कोणाच्याच मालकीची नाही, मग भांडण झालं तर ठरवायचं कसं? ज्याने आधी वळवलं त्याचं. १८५५ मधे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अर्विन विरुद्ध फिलिप्स खटल्यात ते उचलून धरलं. नंतर १८८२ मधे कोलोराडोच्या न्यायालयाने कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच खटल्यात सांगितलं की नदीकाठी जमीन आहे म्हणून पाण्यावर हक्क, हे इथे चालणारच नाही. पूर्वेकडच्या राज्यांत मात्र काठावरच्याचाच हक्क. आणि कॅलिफोर्नियात दोन्ही पद्धती एकमेकांच्या डोक्यावर बसलेल्या आहेत.

म्हणजे ही एक रांग आहे. पाणी कमी पडलं तर सगळ्यांचं थोडं थोडं कापत नाहीत. पहिल्याचं भांडं काठोकाठ भरतं, मग दुसऱ्याचं, आणि पाणी संपलं की तिथून पुढच्यांना ठणठणपाळ. त्यामुळे रांगेत कितीही लोक उभे केले तरी सरकारला फरक पडत नव्हता, शेवटचा माणूस फक्त पुराच्या वर्षी पाणी बघणार. २०१४ मधे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी त्या राज्यातल्या परवान्यांची बेरीज केली होती, ३७ कोटी एकर-फूट निघाली. आणि राज्यातल्या सगळ्या नद्यांतून सरासरी वर्षाला वाहतं साधारण ७ कोटी. पाचपट! आणि यात काठावरचे हक्क आणि डिसेंबर १९१४ च्या आधीचे हक्क नाहीत, कारण परवाना पद्धत तेव्हापासून सुरू झाली, त्याआधीच्यांना परवाना लागतच नव्हता.

तिकडे याला 'कागदी पाणी' म्हणतात आणि नदीत खरं असतं ते 'ओलं पाणी'. तुझा नकाशा कागदी पाण्याचा आहे. चूक नाही त्यात, फक्त नाव बदल.

उगाच_एक

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच का? चालू द्या, खुर्ची टाकून बसलोय.

पाटकरी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हण हवं तर.

एकर-फूट म्हटलं की इथल्या अर्ध्या लोकांचे डोळे पांढरे होतात म्हणून सांगून ठेवतो. एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी उभं केलं की एक एकर-फूट. साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. आपण पेपरात वाचतो तो टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे जवळजवळ २३ हजार एकर-फूट. आणि क्युसेक आपलाच, सेकंदाला एक घनफूट. एक क्युसेकचं दार दिवसभर उघडं ठेवलं तर दोन एकर-फुटाला किंचित कमी पाणी जातं. नकाशेखोरा, बेरीज करताना क्युसेक आणि एकर-फूट एकाच रकान्यात मिसळले नाहीस ना? क्युसेक हा वेग आहे आणि एकर-फूट हा साठा. चारीचा हक्क २० क्युसेक असेल तर तो वर्षभर की फक्त हंगामात, ते बघितल्याशिवाय एकर-फूट करता येत नाही. ३६५ ने गुणलंस तर जानेवारीत गोठलेल्या चारीतूनही पाणी वाहवशील.

एकाच नदीचं उदाहरण घेतो म्हणजे प्रमाण कळेल. कोलोराडो नदी. १९२२ मधे सात राज्यांचा करार झाला, वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट, खालच्याला ७५ लाख. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख. झाले १ कोटी ६५ लाख, म्हणजे आपल्या भाषेत ७१९ टीएमसीच्या आसपास. करार करताना ज्या वर्षांचे आकडे हाताशी होते ती नेमकी जास्त पावसापाण्याची वर्षं. २००० सालापासून त्या नदीला सरासरी सव्वा कोटी एकर-फूटच पाणी येतंय, ५४० टीएमसी धर. ही तफावत नकाशावर कुठल्याच ठिपक्यात दिसणार नाही.

नकाशेखोर

मिसळले होते :( वर तुम्ही लिहिलंय अगदी तसंच, ३६५ ने गुणून. लाज वाटतेय पण कबूल करतो.

रेघोट्या

वा, बऱ्याच दिवसांनी चांगला धागा. मी डेटाबेसवाला माणूस, तिकडच्या एका प्रोजेक्टवर या फायलींशी दीड वर्ष झटापट केलीय, त्यामुळे माझे दोन पैसे.

पहिली गोष्ट, ठिपक्याच्या जागेवर विश्वास ठेवू नकोस. जुने हक्क लिहिले तेव्हा जीपीएस नव्हता. जागा लिहिली जायची सरकारी जमीन मोजणीच्या चौकटीत. सहा मैल बाय सहा मैलाची टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एकेक सेक्शन ६४० एकराचा. नंबर ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला सहापर्यंत जातात, मग खाली उतरून उलटे पूर्वेला, औत फिरवल्यासारखे. मग नोंदीत असं असतं: 'सेक्शन १२ च्या नैर्ऋत्य चौथाईची ईशान्य चौथाई'. चौथाईची चौथाई म्हणजे ४० एकर, चारशे मीटरभर बाजूचा चौकोन. हे डिजिटल करताना काय केलं? चौकोनाचा मध्य काढला आणि ठिपका ठेवला. त्यामुळे खरं दार तिथून अडीचशे-पावणेतीनशे मीटरपर्यंत कुठेही असू शकतं. कधी ठिपका नदीच्या पलीकडच्या काठावर, कधी शेजारच्या ओढ्यावर. आणि त्या चौकोनातले सगळे हक्क एकावर एक. तुला एक गोल दिसतो, खाली चौदा असतात.

दुसरं, डेटम, म्हणजे कोऑर्डिनेट कुठल्या पायावरून मोजलेत ते. जुने कोऑर्डिनेट १९२७ च्या डेटममधे, नवे १९८३ च्या. युटीएममधे (जागा मीटरमधे सांगायची पद्धत) असतील आणि रूपांतर न करता टाकलेस तर उत्तर-दक्षिण दोनशे मीटरच्या आसपास सरकतात. एका फाईलमधे दोन्ही मिसळलेले होते आणि कुठला कुठला ते सांगणारा रकाना रिकामा. तीन आठवडे गेले माझे त्यात. शेवटी विहिरींचे ठिपके उपग्रहाच्या फोटोवर टाकून एकेक बघितले, कारण मध्य-फिरतं सिंचन असतं ना, ती हिरवी गोल शेतं, त्यांच्या जवळपास विहीर असते. ठिपका वर्तुळांपासून ठराविक अंतराने एकाच दिशेला सरकलेला दिसला की समजायचं.

तिसरं म्हणजे माझा सगळ्यात आवडता रकाना. कोलोराडोच्या डेटात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नंबर' असतो. ३१ डिसेंबर १८४९ पासून किती दिवस झाले ते मोजायचं. चारी १ मे १८८२ ला खणायला घेतली तर नंबर ११८०९.०००००. नंबर लहान तेवढा रांगेत पुढे, एवढं सोपं. त्या राज्यातला सगळ्यात जुना चालू हक्क सॅन लुईस पीपल्स डिचचा, १० एप्रिल १८५२, दिवस मोजले तर ८३१. पण दशांशचिन्हानंतरचे आकडे कशाला? तर कोर्ट हक्क ठरवायचं ते टप्प्याटप्प्याने. समजा हाच १८८२ वाला गडी पहिल्या निवाड्याला हजरच राहिला नाही आणि नंतरच्या निवाड्यात आला. आता आधीच्या निवाड्यात ज्यांचा नंबर लागला त्यांच्या पुढे त्याला घुसता येत नाही. मग आधीच्या निवाड्याची तारीख, समजा १८८९ चा शेवटचा दिवस, ती पुढे लागते आणि त्याची खरी तारीख दशांशात जाते: १४६१०.११८०९. एका आकड्यात अख्खी गोष्ट आहे, माणूस आधी आला होता पण तारखेला कोर्टात गेला नाही. तू नुसत्या तारखेने रंग दिलेस तर हा गडी रांगेत सात वर्षं पुढे दिसेल.

भिंगरी

मी या विषयातली नाही, पण सगळं वाचलं आणि त्या कोर्टात न गेलेल्या माणसाचं फार वाईट वाटलं. एक बाळबोध प्रश्न. हक्क म्हणजे खप नाही, ठिपका म्हणजे जागा नाही, मग खरं पाणी कोण किती पितं ते कळतं तरी कसं?

नकाशेखोर

@भिंगरी बाळबोध नाहीये, माझाही तोच आहे. मागच्या आठवड्यात एक रस्ता सापडला तो सांगतो.

वरून बघायचं. पीक पाणी पितं ते पानातून वाफ करून सोडतं, जमिनीतूनही थोडं उडतं, दोन्ही मिळून ईटी म्हणतात. पाण्याची वाफ होते तिथे पृष्ठभाग गार राहतो, कोरडं शेत तापतं. लँडसॅट उपग्रह ते तापमान मोजतो, त्याच्यावरून आणि हवामानाच्या आकड्यांवरून ईटी काढतात. ओपनईटी म्हणून ऑक्टोबर २०२१ मधे चालू झालेलं व्यासपीठ आहे, सुरुवातीला पश्चिमेकडची १७ राज्यं, सहा वेगवेगळी मॉडेलं चालवून ३० मीटरच्या चौकोनात महिन्याला किती पाणी उडालं ते देतात. शेताच्या हद्दीत बेरीज करायची की त्या शेताचा खरा खप. आणि हे पाणी परत येणारं नाही, गेलं ते गेलं, म्हणजे काकांचा दोनदा मोजण्याचा प्रश्नच मिटला.

हा थर माझ्या गोलांच्या खाली घातला आणि चित्रच बदललं. मोठे गोल फिके पडले आणि जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे गडद हिरवी वर्तुळं उठली. बहुतेक चारा. २०२४ मधे एक अभ्यास आला होता कोलोराडो खोऱ्यावर. धरणातून उडालेलं, नदीकाठच्या झाडांनी प्यायलेलं, बाहेर नेलेलं सगळं धरून जेवढं पाणी खपतं त्यातलं ५२ टक्के सिंचनाला, आणि एकट्या लसूणघास नि गवताला ३२ टक्के. म्हणजे नदीचा तिसरा हिस्सा जवळजवळ गुरांच्या पोटात.

आणि उलटं उदाहरण लास व्हेगासचं. मला वाटायचं वाळवंटातलं शहर, कारंजी, तेच पाणी खात असणार. नेवाडा राज्याचा कोलोराडोतला वाटा फक्त ३ लाख एकर-फूट (कॅलिफोर्नियाचा ४४ लाख, अ‍ॅरिझोनाचा २८ लाख), आणि शहरात घरात वापरलेलं पाणी शुद्ध करून लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यातून परत लेक मीडमधे, म्हणजे कोलोराडो नदीवरच्या जलाशयात जातं. परत घातलं तेवढं जमा धरतात आणि तेवढं पुन्हा उचलता येतं. म्हणून तिथे अंघोळीच्या पाण्याची चिंता कमी, हिरवळीची जास्त, कारण हिरवळीवर घातलेलं परत येत नाही. २०२१ मधे कायदाच केला, रस्त्याकडेचं नि ऑफिसांपुढचं नुसतं शोभेचं गवत काढा म्हणून.

कोरडवाहू

उत्साहावर पाणी ओततो, माफ करा.

ईटी सांगतं पाणी किती गेलं. कोणाचं गेलं ते सांगत नाही. शेतातून ७०० मिलिमीटर उडालं, त्यात पाऊस किती, चारीचं किती, विहिरीचं किती? उपग्रहाला सगळं सारखंच ओलं. पाऊस वजा करशील, पण चारी आणि विहीर वेगळी कशी करणार? आणि नेमकं तिथेच तुझा हक्कांचा डेटा सगळ्यात पातळ आहे. टेक्सासमधे १९०४ पासून नियम असा की स्वतःच्या जमिनीखालचं पाणी उपसता येईल तेवढं उपसा, काही जिल्ह्यांत भूजल मंडळं मर्यादा घालतात तेवढीच. अ‍ॅरिझोनात १९८० चा भूजल कायदा आहे पण तो ठरलेल्या क्षेत्रांपुरता, बाहेरच्या मोठ्या भागात ना मर्यादा ना मीटर. कॅलिफोर्नियाने भूजलाचा कायदा केला तो थेट २०१४ मधे. त्यामुळे हक्कांच्या नकाशावर जो भाग कोरा दिसतो तिथे पाणी वापरत नाहीत असं नाही, तिथे कोणी विचारत नाही.

दुसरं, लोकांनी स्वतः कळवलेले आकडे वापरणार असशील तर जपून. बऱ्याच राज्यांत पाणी वापरलं नाही तर हक्क जातो, कुठे पाच वर्षं, कोलोराडोत दहा वर्षं न वापरल्यास सोडून दिल्याच्या यादीत नाव जाऊ शकतं. मग शेतकरी काय लिहिणार? पूर्ण वापरलं म्हणूनच लिहिणार. मी असे तक्ते बघितलेत की दुष्काळ असो नाहीतर पूर, बारा वर्षं दर महिन्याला तोच आकडा, अगदी दशांशासकट. नदी एवढी शिस्तीची नसते हो.

उगाच_एक

दशांशासकट =)) आमच्या हजेरीपटाची आठवण झाली.

सई_क

कोरडवाहूंशी सहमत. कोऱ्या भागावरून आणखी एक राहिलं.

मूळनिवासी जमातींचे हक्क. १९०८ मधे विंटर्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमातीसाठी राखीव भूभाग ठरवला तेव्हाच तिथे जगायला लागणारं पाणीही राखून ठेवलं गेलं, स्पष्ट लिहिलेलं नसलं तरी. तारीख धरायची ती राखीव भूभाग ठरल्याची, म्हणजे बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या आधीची. आणि वापरलं नाही म्हणून हा हक्क जातही नाही. पण किती पाणी हे अनेक जमातींचं अजून ठरलेलंच नाही. आकडा नाही म्हणून डेटाबेसमधे ओळ नाही, ओळ नाही म्हणून नकाशावर ठिपका नाही. रांगेत सगळ्यात पुढे उभा असलेला माणूसच फोटोत नाही, असं आहे ते. जिथे ठरलं तिथे चित्र किती बदलतं बघा, अ‍ॅरिझोनात गिला रिव्हर जमातीशी २००४ च्या कायद्याने समझोता झाला, वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट. म्हणजे नेवाडाच्या अख्ख्या वाट्याच्या दुपटीहून जास्त. आणि नावाहो लोकांनी 'आमच्या पाण्याची सोय बघायची जबाबदारी केंद्राची' म्हणून दावा लावला तो २०२३ मधे पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला.

त्यामुळे नकाशाच्या कोपऱ्यात 'डेटा नाही' साठी वेगळा रंग ठेव रे, पांढरा नको. पांढरा म्हणजे शून्य वाटतं.

(आपल्याकडे कसं, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे. वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर हा धागा कालव्याला लागेल.)

रेघोट्या

रंगाला +१. आणि 'आकडा रिकामा' आणि 'आकडा शून्य' हे दोन वेगळे ठेव. माझ्याकडच्या एका फाईलमधे रिकाम्या तारखांच्या जागी कोणीतरी १ जानेवारी १९०० भरून ठेवलं होतं. त्या दिवशी अख्ख्या राज्याने एकदम चाऱ्या खणल्या असं दिसत होतं.

नकाशेखोर

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो कारण सगळं मोडून परत केलं. अख्खं खोरं सोडून दिलं आणि एकच चारी घेतली, नाव सांगत नाही कारण मालकांची नावं उघड दिसतात तिथे आणि मला उगाच कोणाच्या शेतात शिरायचं नाहीये.

काका, तुम्ही म्हणालात ना दार उघडलं का ते बघ. त्या राज्यात प्रत्येक चारीचं रोजचं किती पाणी गेलं त्याच्या नोंदी आहेत, तिकडचे पाटकरी फिरून लिहितात. माझ्या पहिल्या नकाशात त्या चारीचा एक गोल होता. उलगडला तर चार हक्क निघाले, १८६६ चा, १८७२ चा, १८८३ चा आणि १९५४ ची एक विहीर, पुरवणी म्हणून. मी चारही बेरजेत धरले होते, पण विहीर तर त्याच शेतासाठी आहे, चारीला पाणी नसेल तेव्हा चालवायची. म्हणजे एकाच तहानेचे दोन आकडे.

मग रोजच्या नोंदी बघितल्या. १८६६ वाल्याला एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी. १८७२ वाला जुलैच्या शेवटी बंद. १८८३ वाल्याचा आकडा कागदावर सगळ्यात मोठा, त्याच्यामुळेच माझा गोल एवढा फुगला होता, आणि त्याला पाणी मिळालं फक्त बर्फ वितळतो तेव्हा, मे अखेर ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर ओळीत नुसते शून्य, शून्य, शून्य. खालच्या कोणीतरी जुन्या हक्कवाल्याने कॉल लावला असणार, म्हणजे 'मला पुरत नाही, माझ्या मागच्यांची दारं बंद करा'. आणि ईटीचा थर बघितला तर शेत जुलैतही हिरवंगार, ऑगस्टमधेही. म्हणजे तिथून पुढे विहीर.

कोरडवाहू, चारी आणि विहीर वेगळी कशी करणार विचारलं होतंत, तर या एका शेतापुरती अशी झाली. शून्य सुरू झाल्यानंतरचं हिरवं ते विहिरीचं, पाऊस वजा करून. १८६६ च्या हक्काचं आणि जुलैअखेरपर्यंत १८७२ च्या हक्काचं पाणी तेव्हाही थोडं येत होतं, ते पण वजा केलं. ठोकळ आहे, मान्य.

आता गोल काढायचे बंद केलेत. एका हक्काला एक बारीक पट्टी, बारा महिन्यांची, पाणी मिळालं तो महिना भरलेला, नाही मिळालं तो रिकामा, आणि पट्ट्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नंबरप्रमाणे एकाखाली एक. आकाराने मोठं काहीच दिसत नाही, पण रांग दिसते. वरच्या पट्ट्या भरलेल्या, खाली खाली जाल तशा आखडत जातात.

पाटकरी

आता नकाशा झाला. १८८३ वाल्याच्या नोंदी एकाच वर्षाच्या बघितल्यास का? २००२ आणि २०११ दोन्ही काढ. एक कोरडं साल आहे, एक बर्फाचं. मग सांग पट्टी कुठपर्यंत जाते.

नकाशेखोर

डाउनलोडला लावलंय काका, ४२ टक्के झालं.

कोरडवाहू

ठोकळ चालेल, पण विहिरीला मीटर असेल तर त्याच्याशी एकदा ताडून बघा.

भिंगरी

आणि तो डोंगरातला सगळ्यात मोठा गोल? काढून टाकलात?

नकाशेखोर

नाही, तो एकच ठेवलाय. फक्त पोकळ केलाय, नुसती कड. पाणी एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने तेवढंच बाहेर येतं.